काचेची तार घेऊन कळवणपर्यंत

प्रवासाला निघताना माणसं पंचांग बघतात. मी आमच्या विभागप्रमुखांचा चेहरा बघून निघालो, आणि तो काही शुभ नव्हता.

पंच्याऐंशीचा फेब्रुवारी होता. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मी नऊ वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. 'शिकवत होतो' हे माझं मत. मुलांचं मत वेगळं होतं आणि ते त्यांनी शेवटच्या बाकावर कंपासच्या टोकाने कोरून ठेवलं होतं : 'कदम सरांचा तास, शांत झोप खास.' यमक जुळवण्यापुरती तरी पोरं जागी राहत होती, एवढंच समाधान.

जूनपासून आमच्याकडे एक नवा विषय सुरू होणार होता. केसासारख्या बारीक काचेच्या तारेतून प्रकाश पाठवायचा, प्रकाशावर माणसाचं बोलणं चढवायचं आणि दोन संगणकांना त्या तारेने एकमेकांशी बोलायला लावायचं. या विषयावर मी चार वर्षं टिपणं काढत होतो. जाड पुठ्ठ्याच्या दोन वह्या भरल्या होत्या. बायको म्हणायची, "एवढं माझ्या पत्रांना उत्तर लिहिलं असतं तर!" तो विषय मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो. विभागप्रमुख मात्र तसं धरून चालले नव्हते.

"कदम," ते म्हणाले, "तुम्हाला विषय येतो, याबद्दल मला शंका नाही. तुम्ही शिकवल्यावर तो दुसऱ्याला येतो का, एवढाच प्रश्न आहे."

मग त्यांनी मला बहिःशाल व्याख्यानांना पाठवायचं ठरवलं. म्हणजे विद्यापीठातल्या मास्तरांनी गावोगाव जाऊन साध्या माणसांना ज्ञान वाटायचं. माझ्या वाट्याला नाशिक, पिंपळगाव बसवंत आणि कळवण आली. प्रत्येक ठिकाणच्या संयोजकाने एक छापील अहवाल भरून द्यायचा असतो. त्यातला तिसरा रकाना साहेबांनी मला बोटाने दाखवला : 'विषय श्रोत्यांना समजला काय?'

"हे तीन कागद घेऊन या. मग जूनचं बघू."

नाशिक रोड

माझ्याबरोबर आमच्या प्रयोगशाळेचे सहायक भास्करराव गायकवाड होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला हा माणूस उपकरणांना पोटच्या पोरांसारखं सांभाळतो, आणि प्राध्यापकांना सावत्र पोरांसारखं. पत्र्याच्या एका ट्रंकेत त्यांनी सगळं बसवलं होतं : एक पेटी, तिला माईक आणि एक लाल दिवा, दुसरी पेटी, तिला भोंगा, आणि दोघींच्या मध्ये जोडायची वीस मीटर काचेची तार, लाकडी रिळावर गुंडाळून, कापसाच्या गादीवर निजवलेली. पहिल्या पेटीत बोललं की लाल दिवा बोलण्याबरोबर थरथरतो, तो थरथरता प्रकाश तारेतून जातो आणि दुसऱ्या पेटीत पुन्हा त्याचा आवाज होतो. आमच्या विभागात असं एकच रीळ होतं. साहेबांनी ते देताना मला जेवढं बजावलं, तेवढं मुलगी देताना माझ्या सासऱ्यांनीही बजावलं नव्हतं.

मुक्काम भास्कररावांच्या बहिणीकडे होता. नाशिक रोडला सरकारी नोकरांच्या वसाहतीत शांताबाईंचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मुलांच्या वह्या तपासायला रचलेल्या. शांताबाई महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवतात.

"जयभीम, या सर," त्या म्हणाल्या. आमच्या कऱ्हाडकडे पाहुण्यापुढे आधी गूळ-पाणी येतं, मग चहा घेणार का म्हणून विचारतात, पाहुणा नको म्हणतो, घरचे आग्रह करतात, आणि हे उरकेपर्यंत दूध उतू जातं. इथे मी बूट काढेपर्यंत चहाचा कप हातात होता. विचारपूस नंतर झाली.

"कशावर बोलणार सर?"

मी सांगायला सुरुवात केली. पाच मिनिटांनी त्या हळूच उठल्या आणि भाजी ढवळून आल्या. मला वाटलं भाजी लागत असेल.

नाशिक

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शहरातल्या एका वाचनालयात पहिलं व्याख्यान होतं. शांताबाईही शाळा सुटल्यावर आल्या. सभागृह गच्च भरलेलं. नाशिककरांना व्याख्यानाची गोडी आहे असं ऐकून होतो. नंतर कळलं की माझ्यानंतर त्याच सभागृहात नाट्यगीतांचा कार्यक्रम होता आणि लोक जागा धरायला आले होते.

दुपारी आम्ही पेट्या टेबलावर मांडून, तार जोडून, सगळं तपासून ठेवलं होतं. आवाज खणखणीत येत होता. कार्यक्रम सुरू झाला, दीप उजळला, हार झाले. मग चिटणीस म्हणाले, "आता आपल्या उपाध्यक्षा या नव्या यंत्राचं पूजन करतील."

मी भास्कररावांकडे बघितलं, त्यांनी छताकडे बघितलं. उपाध्यक्षाबाई तबक घेऊन पुढे आल्या. चार माणसांत कोणी आपल्या यंत्राला ओवाळत असेल तर त्याला नको कसं म्हणायचं? आमच्याकडेही खंडेनवमीला लेथ मशीनला हार घालतात, मीच घालतो. पण लेथला हार घालायला भरपूर जागा असते. माझ्या पेटीला पुढच्या बाजूला कपाळ म्हणावं असं एकच ठिकाण होतं. तार जिथे आत शिरते ते बारीक भोक. बाईंनी तार मोठ्या अदबीने बाजूला काढली, बरोबर त्या भोकावर हळद वाहिली, त्यावर कुंकू वाहिलं, अंगठ्याने नीट दाबलं आणि तार होती तशी परत खोचून ठेवली. वर अक्षता पडल्या. टाळ्याही पडल्या.

मग मी माईकवर म्हणालो, "नमस्कार." भोंगा म्हणाला, "खर्र."

पुन्हा नमस्कार केला, पुन्हा खर्र. कारण डोळ्यांदेखत घडलं होतं, तरी त्या गडबडीत माझ्या लक्षात येईना. घाबरलो की मी फळ्याकडे वळतो, ही माझी जुनी खोड. वळलो, खडू उचलला आणि पूर्ण आंतरिक परावर्तनाची आकृती काढायला लागलो. किरण काचेतून चालतो, कडेला आपटतो, बाहेर न पडता परत आत वळतो, पुन्हा आपटतो, असं. मी पाऊण तास किरण आपटवला. मागे वळलो तेव्हा पहिल्या रांगेतले एक आजोबा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते आणि दारात तबलजी तबला घेऊन उभा होता.

चिटणिसांनी अहवाल तिथल्या तिथे भरून उघडाच हातात दिला. तिसऱ्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं : 'वक्ते अत्यंत विद्वान. विषय समजण्यापलीकडचा. पूजन व चहापान उत्तम पार पडले.'

घरी येऊन भास्कररावांनी पेटी उघडली. कापसाच्या बोळ्याने भोक पुसलं तर बोळा लालपिवळा.

"आमच्या वसाहतीत ठेवायचं व्याख्यान," शांताबाई हसत म्हणाल्या. "आम्ही फूल वाहिलं असतं. फुलानं दिवा अडत नाही."

मी म्हणालो, "कुंकवाने घात केला. नाहीतर आज सगळ्यांना समजलं असतं."

शांताबाईंनी भावाकडे बघितलं. भास्करराव ट्रंक आवरण्यात एकदम गुंग झाले. "सर, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "कुंकू नसतं तरी नसतं समजलं. तुम्ही फळ्याशी बोलता. फळ्याला समजलं असेल तर मला माहीत नाही. चौथीतलं पोर कळलं की तोंडावर दिसतं, नाही कळलं तरी दिसतं. तुम्ही तोंडं बघितलीच नाहीत ना कुणाची."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? नऊ वर्षं पदव्युत्तर पदवी मिरवलेल्या माणसाने चौथीच्या बाईंकडून शिकवण ऐकायची! जेवताना मी भाजी छान झालीय असंसुद्धा म्हणालो नाही, आणि ती फार छान झाली होती.

पिंपळगाव बसवंत

नाशिक सोडून आग्रा रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी द्राक्षांचे मांडव सुरू होतात. लोखंडी अँगल, त्यांवर ताणलेल्या तारा आणि तारांवर पसरलेले वेल. माणसाने खाली वाकून चालावं एवढीच उंची. आमच्याकडे उसात माणूस हरवतो, इथे वाकून चालत असल्यामुळे सगळी माणसं काहीतरी शोधत असल्यासारखी दिसतात.

व्याख्यान ठरलं होतं शाळेत, पण द्राक्षांचा हंगाम असल्याने शाळेत कोणी येणार नव्हतं. संयोजक हे गावातले एक वजनदार व्यापारी, त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. त्यांनी तोड काढली : जिथे माणसं आहेत तिथे व्याख्यान. म्हणजे त्यांच्याच पॅकिंगच्या शेडमध्ये. पन्नासेक बाया घड निवडून पेट्यांत भरत होत्या, बागायतदार आपला माल उतरवून उभे होते, बाहेर टेम्पोचा हॉर्न, आणि मधोमध एका उलट्या पेटीवर मी. फळा नव्हता. वळायचं कुठे, हेच कळेना. झक मारत माणसांकडे तोंड करून बोलावं लागलं.

आमच्या बोलक्या पेटीने त्या दिवशी इमानाने काम केलं. एका टोकाला भास्करराव बोलले, दुसऱ्या टोकाला भोंगा बोलला. बायांनी हात न थांबवता माना वळवल्या. एका शेतकऱ्याने तार दोन बोटांत धरून चाचपली.

"मांडवाला चालंल का?"

"नाही, काचेची आहे."

"मंग कशाला आणली?" त्याने सरळ विचारलं.

मी संगणकाच्या विषयाकडे वळलो. सांगितलं की उद्या अशा तारेने मुंबईतला संगणक इथल्या संगणकाला जोडता येईल, तिकडची माहिती इकडे क्षणात येईल. पागोटं बांधलेले एक म्हातारे बागायतदार पुढे सरकले.

"कसली म्हाईती?"

"कसलीही."

"मुंबईच्या मार्केटातला भाव?"

"हो, तोही."

"म्हंजी गाडी भरायच्या आदी आमाला कळंल, आज तिकडं काय भाव हाय?"

"गाडी भरायच्या आधी. तुम्ही घरी चहा पीत असताना."

शेडमध्ये शांतता पसरली. मी शांततेला सरावलेला माणूस आहे, पण ही शांतता झोपेची नव्हती. बायांचे हात थांबले होते. तोंडं दिसत होती आणि प्रत्येक तोंडावर कळलेलं दिसत होतं. म्हातारे मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "लय भारी चीज हाय बरं का ही!" आणि मग सगळे एकदम दादासाहेबांकडे बघायला लागले. कारण आजवर मुंबईचा भाव गावाला दादासाहेब सांगत.

"चहा घ्या सर, चहा," दादासाहेब म्हणाले. "फार बोललात. दमला असाल."

व्याख्यान तिथेच संपलं. अहवाल त्यांनीही उघडाच दिला. तिसऱ्या रकान्यात एकच शब्द होता : 'अनावश्यक.'

माणूस मनाने वाईट नव्हता. निघताना त्यांनी आम्हाला निवडक घड दिले, लांब मण्यांचे, मधासारखे गोड. "सांभाळून न्या, दबले की संपले," असं भास्कररावांना तीनतीनदा बजावलं. भास्करराव बजावलेलं कधी विसरत नाहीत.

कळवण

वणीच्या पुढे रस्ता डोंगरांत शिरतो. सप्तशृंगीचा कडा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे होत बराच वेळ आपल्यासोबत चालतो. खाली हिरवा गहू, कांद्याची शेतं, मध्येच गिरणा नदीचं चमकणारं पाणी. मला मात्र खिडकीतून दोनच कागद दिसत होते. एक 'समजण्यापलीकडचा' आणि एक 'अनावश्यक'. आता सगळी भिस्त कळवणवर होती.

कळवणचे संयोजक आहेर गुरुजी, हायस्कुलातून निवृत्त झालेले, धोतर, काळी टोपी आणि बोलण्यात एकही शब्द जादा नाही. दुपारी त्यांच्या घरी जेवलो. काशाच्या वाटीत उडदाची आमटी, बाजरीची भाकरी आणि खुडलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा. मी आपला सभ्यपणे भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवत होतो. गुरुजी थोडा वेळ बघत राहिले.

"बरं नाही का?"

"बरं आहे की."

"मग कुस्करा."

अख्खी भाकरी कुस्करून आमटीत कालवायची आणि हाताने ओरपायची, ही तिथली रीत. मी कुस्करली. इतकं चांगलं जेवण मी त्या प्रवासात दुसरीकडे जेवलो नाही. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं ते गुरुजींना कृतज्ञतेचं वाटलं.

जेवणानंतर द्राक्षं वाटावीत म्हणून भास्कररावांनी ट्रंक उघडली. घड कापसाच्या गादीवर ऐटीत पहुडले होते, एक मणी दबला नव्हता. काचेच्या तारेचं रीळ मात्र गादीवरून उठवून कोपऱ्यात, दोन पेट्यांच्या मध्ये, उभं खोचलं होतं. मी ते उचललं. रिळाला धक्का बसून पेटीचा कोपरा बरोबर तारेवर आला होता. तार मधोमध तुटली होती.

"भास्करराव, तुम्ही द्राक्षांखाली कापूस घातलात?"

"ते म्हणाले होते सर, दबले की संपले." एवढं बोलून तो साठीला टेकलेला माणूस ट्रंकेशेजारी मटकन खाली बसला. मला ओरडायचं होतं, पण त्यांचं तोंड बघून ओरडवेना. मी पक्कड घेतली, तुटलेली टोकं कापून एकमेकांना टेकवली. काही उपयोग झाला नाही. पकडीत काचेचा चुरा होत होता आणि दातरलेल्या टोकांतून प्रकाश वाटेल तिकडे सांडत होता. तास गेला. तार वीतभर कमी झाली, बाकी काही नाही.

"गुरुजी, व्याख्यान रद्द करू या," मी म्हणालो.

"दवंडी झाली आहे," गुरुजी म्हणाले. "बोला."

सहाला शाळेचा हॉल भरला. सुरुवातीला शाळेच्या संस्थापकांच्या तसबिरीला हार घालायचा, पण तसबिरीची काच तडकलेली. म्हणून बाजारपेठेतले फ्रेमवाले देवरे काका नवी काच बसवायला आले होते. त्यांनी कोपऱ्यात बसून शांतपणे काम उरकलं, हार झाला, आणि आलोच आहोत तर म्हणून तेही हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसले. त्यांच्या शेजारी शिक्षिका, वाघ बाई, लोकर आणि सुया घेऊन स्वेटर विणत होत्या. व्याख्यानाला विणकाम आणणारी श्रोती बघितली की वक्त्याने काय समजायचं ते समजावं.

इथे फळा होता. मी वळलो. किरण आपटायला लागला. अर्धा तास झाला असेल, मागे बाक सरकल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग दबकी पावलं. लोक जात होते. खडू हातात तसाच धरून मी उभा राहिलो. जून गेला, हे मला तेव्हा स्पष्ट कळलं. चार वर्षांची टिपणं गेली. आणि शांताबाईंचं म्हणणं खरं होतं, हेही कळलं. ते मला जास्त लागलं.

मी खडू ठेवला आणि माणसांकडे वळलो.

"मंडळी, खरं सांगतो," मी म्हणालो. "तुम्हाला या तारेतून आवाज ऐकवायचा होता. पण वाटेत तार तुटली. मला ती जोडता येत नाही. म्हणून मघापासून मी फळ्याआड लपलोय."

जाणारे थांबले. भास्करराव मागच्या भिंतीशी मान खाली घालून उभे होते. पहिल्या रांगेतून देवरे काका उठले.

"सर, येक इचारू? हाई तार काचनी शे ना?"

"हो, काचेचीच."

"मंग तिले पक्कडखाल काबर दाबतस? काच दाबी का फुटनीच." त्यांनी पिशवीतून पेन्सिलीएवढी एक काडी काढली. टोकाला काच कापायचा हिरा. "तिले फक्त वरखडा. मंग ती सोता तुटस."

मला अहिराणी निम्मीच कळली, पण त्यांच्या हाताने उरलेली निम्मी सांगितली. टेबलावर त्यांनी तार काचेच्या एका तुकड्यावर ताणून धरली, हिऱ्याचं टोक तिच्यावर नुसतं टेकवल्यासारखं केलं आणि दोन्ही हातांनी अलगद ओढली. टक् असा आवाजही झाला नाही. टोक एकदम सपाट, पाण्यासारखं. दिव्यासमोर धरलं तर दुसऱ्या टोकाला लाल ठिपका लखलखीत दिसला. ज्या गोष्टीसाठी माझ्या वहीत नऊ पानं होती, ती त्या माणसाने पान न उलटता केली.

आता दोन सपाट टोकं समोरासमोर एका रेषेत टेकवायची. वहीतलं मला आठवलं, पण हातात काही नव्हतं. मी म्हणालो, "दोन बारीक सुया हव्यात, शेजारी शेजारी ठेवायला. मधल्या खाचेत तार बसेल." वाघ बाईंनी पर्समधून शिवणाच्या सुया काढल्या. "आणि एक थेंब ग्लिसरीन, मधली फट भरायला." दवाखान्यातले कंपाउंडर उठून गेले आणि बाटली घेऊन आले. तोवर गेलेले लोक परत येऊन खिडक्यांत चढले होते. टेबलाभोवती एवढी गर्दी झाली की गुरुजींना "मागे!" असा एक शब्द जादा खर्च करावा लागला.

देवरे काकांनी एक टोक खाचेत सरकवलं, मी दुसरं. ग्लिसरीनचा थेंब पडला.

"बोला काका," मी माईक पुढे केला.

शंभर माणसांपुढे काय बोलायचं? काका गोरेमोरे झाले. मग त्यांच्या तोंडून तेच निघालं, जे गल्लोगल्ली काचा बसवत हिंडताना रोज निघतं : "काच बसाडनी शे का, काच!"

हॉलच्या दुसऱ्या टोकाला भोंगा ओरडला, "काच बसाडनी शे का, काच!"

छप्पर उडेल एवढे लोक हसले. मी तार केसभर मागे ओढली, आवाज विझला. पुढे सरकवली, आवाज आला. "एवढ्याशा फटीने?" कोणीतरी म्हणालं, आणि मी काही सांगायच्या आत वाघ बाई शेजारणीला समजावून सांगायला लागल्या, माझ्यापेक्षा चांगलं.

मग त्यांनी मला विचारलं, "सर, पण तुमचा संगणक या तारेतून काय बोलणार? त्याला कुठे तोंड आहे?"

माझी नजर त्यांच्या विणकामावर गेली. "बाई, हा नमुना कसा लिहिलाय?"

"एक सुलट, एक उलट, दोन सुलट."

"बस्स. दिवा लागला की सुलट, विझला की उलट. संगणक फक्त एवढंच बोलतो, पण फार भराभर."

बाईंनी स्वेटर समोर धरून बघितला. "म्हणजे तो स्वेटर वाचतो म्हणा की!"

पुढचा तासभर प्रत्येकाला माईकवर बोलायचं होतं. मी फळ्याकडे एकदाही गेलो नाही.

सकाळी एस.टी. स्टँडवर देवरे काका आले. हातात जुना, एका बाजूने झिजलेला हिरा. "ठेवा. आखो तुटी तं कामले ई." आणखी तुटली तर कामाला येईल, एवढी अहिराणी मला आता कळत होती. मी त्यांचे दोन्ही हात धरले.

गुरुजींनी अहवाल दिला, पण बंद पाकिटात, डिंक लावून, वर आडवी सही करून. छापील नियम तसाच होता, आणि तो पाळणारे ते एकटेच भेटले.

परत

परतताना नाशिक रोडला शांताबाईंकडे थांबलो. भाजी छान झालीय, हे यावेळी पहिल्या घासाला सांगितलं. त्या म्हणाल्या, "तोंडावर दिसतंय."

सोमवारी साहेबांच्या खोलीत मी उभा आणि माझ्यामागे, न बोलावता, भास्कररावही उभे. साहेबांनी पहिला कागद वाचला, दुसरा वाचला. चेहरा आमच्या निघण्याच्या दिवसासारखाच. मग पाकीट फोडून तिसरा मोठ्याने वाचायला लागले.

"'विषय श्रोत्यांना समजला काय? : पहिला अर्धा तास समजला नाही. वक्त्यांनाही त्रास होत असावा. त्यानंतर तार मोडल्याचे त्यांनी कबूल केले. तेव्हापासून सर्वांना समजला.'" साहेब थांबले. "'सूचना : हेच वक्ते पुन्हा पाठवावेत. तार मोडलेली असावी.'"

साहेबांनी कागद खाली ठेवला.

"तार मोडली?" साहेबांनी विचारलं.

"माझ्यामुळे, साहेब," भास्करराव पुढे झाले. "सरांचा काही दोष नाही."

"द्राक्षं दोघांनी खाल्ली," मी म्हणालो.

साहेबांना द्राक्षांचं काही कळलं नाही. त्यांनी चष्मा काढून तो कागद पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे सरकवला. "हा तुमच्याकडे ठेवा," ते म्हणाले. "जूनपासून विषय तुमचा. आणि हे आहेर गुरुजी सांगतात तसंच शिकवायचं."

जूनमध्ये पहिला तास. साठ मुलं, दुपारची वेळ, शेवटच्या बाकावर माना कलायला लागलेल्या. दोन्ही वह्या मी मुद्दाम खोलीत ठेवून आलो होतो. फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो, तार काचेवर ताणली, देवरे काकांचा हिरा टेकवला आणि सगळ्यांच्या देखत तार मोडली. मग जोडली. माईक तोंडाशी धरला, पण 'हॅलो' काही येईना. "काच बसाडनी शे का, काच!" असं मीच ओरडलो, आणि मागच्या भिंतीजवळचा भोंगाही ओरडला.

हसणं ओसरलं तेव्हा शेवटच्या बाकावर एक हात वर झाला होता. नऊ वर्षांत माझ्या तासाला कुणी हात वर केला नव्हता. क्षणभर मला वाटलं, पाणी प्यायला जायचं असेल.

"बोल," मी म्हणालो.

"सर, परत एकदा मोडाल?"